माजी विद्यार्थ्यांच्या गौरवफलकावर नावे कोणाची, आणि ती कोणी ठरवायची?

कृष्णाकाठ (प्रश्न)

नमस्कार. सातारा जिल्ह्यातल्या एका लहान गावातल्या माध्यमिक शाळेचा मी माजी विद्यार्थी असून शाळेच्या अमृतमहोत्सवासाठी नेमलेल्या समितीचे काम सध्या माझ्याकडे आहे. प्रवेशद्वाराजवळच्या भिंतीवर नामवंत माजी विद्यार्थ्यांचा गौरवफलक बसवावा आणि त्यांपैकी जे हयात आहेत त्यांचा जाहीर सत्कार करावा, असा ठराव समितीने केला आणि तो एकमताने झाला. एकमत तेवढ्यावरच संपले.

पहिल्या बैठकीत ज्याला जे आठवले ते सांगत गेल्यामुळे चौतीस नावांची यादी तयार झाली. तिच्यात दोन जिल्हाधिकारी, पाच डॉक्टर, परदेशी स्थायिक झालेले बरेचसे अभियंते आणि कारखान्याचे दोन माजी संचालक आहेत. स्त्रिया मात्र तीनच आहेत. फलकाच्या ग्रॅनाइटचा खर्च उचलण्याची तयारी दाखवणाऱ्या एका सद्गृहस्थांचे नाव चौतिसाव्या क्रमांकावर आहे आणि ते तिथे का आहे, हे कोणी विचारत नाही. उलट, उसाच्या पट्ट्यात राहून तीस वर्षे देशी ज्वारीचे वाण सांभाळणाऱ्या आमच्याच एका वर्गमित्राचे नाव मी सुचवले, तेव्हा ‘तो तर गावातच असतो की’ असे उत्तर मिळाले.

ज्यांनी आपल्या शाळेत असे काम केले आहे त्यांनी निकष कसे ठरवले, निवड कोणी केली आणि वाद कसे मिटवले, हे कृपया सविस्तर लिहावे. आमच्याकडे अजून आठ महिने आहेत.

फळा_आणि_खडू

मी मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले, त्यामुळे ‘स्त्रिया मात्र तीनच’ या शब्दांपाशी थबकले आणि तिथूनच लिहिते. आपल्या यादीत स्त्रिया कमी आहेत याचे कारण आपल्या शाळेतल्या मुलींनी काही केले नाही हे नसून त्यांची नावे बदलली हे आहे. मुलगा पन्नास वर्षांनीही त्याच आडनावाने वर्तमानपत्रात येतो आणि गावातले कोणीतरी म्हणते, ‘हा आपल्या शाळेचा.’ मुलगी येते ती सासरच्या आडनावाने, पुष्कळदा पहिले नावही बदलून, आणि तिला ओळखणारे शाळेत कोणी उरलेले नसते.

मानवशास्त्रज्ञ म्हणून ज्यांना सारा देश ओळखतो त्या इरावती कर्वे यांचा जन्म १९०५ साली ब्रह्मदेशात झाला आणि शिक्षणासाठी त्यांना सातव्या वर्षी पुण्याला, हुजूरपागेत पाठवण्यात आले. तिथे शिकत होती ती इरावती करमरकर. कीर्ती मोठी असल्यामुळे हा धागा तुटला नाही, पण तालुक्याच्या रुग्णालयात पस्तीस वर्षे परिचारिका म्हणून राबलेल्या किंवा एखाद्या विद्यापीठात विभागप्रमुख झालेल्या आपल्या विद्यार्थिनीचा धागा कोणी जपला असेल?

तेव्हा बैठकीतल्या आठवणींवर विसंबू नये. शाळेचे जनरल रजिस्टर कपाटातून बाहेर काढावे. त्यात प्रत्येक विद्यार्थ्याचे नाव, जन्मतारीख, पूर्वीची शाळा, शाळा सोडल्याची तारीख आणि कारण यांची नोंद असते. आम्ही दहा-दहा वर्षांचा एक गट केला, प्रत्येक गटासाठी त्याच काळातल्या दोन विद्यार्थिनी शोधल्या आणि त्यांच्यासमोर मुलींची नावे एकेक करून वाचून दाखवली. ‘ही आता कुठे आहे?’ एवढाच प्रश्न विचारायचा होता. या कामाला पाच महिने लागले, पण त्यातून जी माहिती हाती आली ती कोणत्याही बैठकीत आली नसती. फलकावर आम्ही प्रत्येकीचे शाळेतले नाव आधी आणि आजचे नाव त्याखाली कोरले, कारण शाळेचा संबंध पहिल्या नावाशी आहे. अर्थात, तिला विचारून. एका बाईंनी जुने नाव नको म्हणून स्पष्ट सांगितले आणि आम्ही ते लिहिले नाही.

राजवाडा_परिसर

आपण सातारा जिल्ह्यातले आहात म्हणून जवळचेच उदाहरण देतो. ७ नोव्हेंबर १९०० या दिवशी साताऱ्याच्या राजवाड्यात भरणाऱ्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या छत्रपती प्रतापसिंह हायस्कुलात, भिवा रामजी आंबेडकर या मुलाचा इंग्रजी पहिलीत प्रवेश झाला. रजिस्टरात १९१४ या क्रमांकासमोर त्याची नोंद आहे आणि शाळेने ते रजिस्टर जपून ठेवले आहे. राज्य शासनाने २०१७ साली ७ नोव्हेंबर हा दिवस राज्यभर ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून साजरा करण्याचा निर्णय घेतला. विचार करा, एका शाळेच्या माजी विद्यार्थ्याचा याहून मोठा गौरव महाराष्ट्रात दुसरा झालेला नाही, आणि त्याचा आधार काय, तर कारकुनाने केलेली एक नोंद. जयंती नाही, पुण्यतिथी नाही, पदवीदानाचा दिवसही नाही. मूल शाळेत आले तो दिवस. आपल्या फलकावरही नावापुढे पदाऐवजी शाळेत प्रवेश घेतल्याचे वर्ष लिहावे, असे मला सुचवावेसे वाटते. जिल्हाधिकारी आणि ज्वारीवाले शेतकरी दोघेही मग एकाच ओळीत बसतील.

परंतु या उदाहरणाची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय ते पुरे होत नाही. साताऱ्याच्या शालेय दिवसांबद्दल बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे की वर्गात त्यांना इतरांपासून वेगळे, कोपऱ्यात बसावे लागे. बसायला गोणपाट घरून आणावे लागे आणि संध्याकाळी ते परत न्यावे लागे. नळाला हात लावण्याची मुभा नसल्यामुळे शिपाई नसेल त्या दिवशी पाणीही मिळत नसे. तो त्या काळच्या सगळ्याच शाळांचा दोष होता, एकट्या साताऱ्याचा नव्हे. तरीही कोणतीही शाळा जेव्हा ‘हे आमचे विद्यार्थी’ असे अभिमानाने सांगते, तेव्हा त्या विद्यार्थ्याच्या यशात शाळेचा वाटा किती आणि शाळा असूनही त्याने मिळवलेले यश किती, हा प्रश्न तिने स्वतःला विचारायला हवा. आपल्या यादीतल्या चौतिसांपैकी कितीजण गावाच्या कोणत्या भागातून शाळेत येत होते, हे एकदा मोजून पाहावे. आमच्या समितीने मोजले, तेव्हा बैठकीत बराच वेळ कोणी बोलले नाही.

आणखी एक गोष्ट. विद्यार्थिदशेत परीक्षेत यश मिळाल्यावर वस्तीतल्या लोकांनी बाबासाहेबांच्या कौतुकासाठी सभा भरवली होती. त्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. पुढे सयाजीराव गायकवाडांकडून महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून देण्यात याच केळुसकर गुरुजींचा हात होता. त्या सत्कारातल्या हारांचे काय झाले हे कोणालाच सांगता येणार नाही, पण त्या पुस्तकाचा माग १९५६ सालच्या नागपूरपर्यंत काढता येतो.

दादर_पश्चिम

राजवाडा यांचा प्रतिसाद वाचल्यावर वेगळे काही लिहावे असे राहत नाही, परंतु निवड ‘कधी’ करावी याबद्दल कोणी बोलले नाही म्हणून लिहितो.

फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शील्ड या शालेय क्रिकेट स्पर्धेच्या उपान्त्य सामन्यात शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी या दोन मुलांनी आझाद मैदानावर ६६४ धावांची अभंग भागीदारी केली. कांबळी नाबाद ३४९ आणि तेंडुलकर नाबाद ३२६. ही गोष्ट महाराष्ट्रात शाळकरी मुलालाही पाठ आहे. पण तो सगळा वेळ पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून तंबूत बसून राहिलेला एक तिसरा मुलगा होता, अमोल मुझुमदार. त्याची पाळी आलीच नाही. पुढे त्याने प्रथम श्रेणीच्या पदार्पणातच २६० धावा काढल्या, अकरा हजारांहून अधिक धावा जमवल्या, २००६-०७ च्या हंगामात मुंबईला रणजी करंडक जिंकून दिला, परंतु भारतीय संघाचे दार त्याच्यासाठी कधी उघडले नाही. आता समजा, २००० साली एखाद्या समितीने बसून त्या शाळेच्या क्रिकेटपटूंचा संगमरवरी फलक ‘कायमचा’ कोरला असता, तर हे नाव त्यात आले असते का? नोव्हेंबर २०२५ मध्ये भारतीय महिलांनी एकदिवसीय विश्वचषक पहिल्यांदा जिंकला, तेव्हा त्या संघाचे मुख्य प्रशिक्षक अमोल मुझुमदार होते.

म्हणून माझे म्हणणे असे, की ग्रॅनाइटवर एकदाच चौतीस नावे कोरून भिंत भरून टाकू नये. सुट्या पट्ट्या बसवता येतील अशी लाकडी किंवा पितळी चौकट करावी, पहिल्या वर्षी दहा-बारा नावे लावावीत आणि दर वर्षी प्रजासत्ताकदिनी दोन नावांची भर घालावी. वादही निम्मे होतात, कारण ‘या वर्षी नाही’ हे ऐकणे ‘कधीच नाही’ हे ऐकण्यापेक्षा सोपे असते. शिवाय नावासमोर माणसाची स्तुती न करता त्याने केलेले काम नेमके लिहावे. ‘थोर क्रीडापटू’ हे विशेषण दहा वर्षांनी फिके पडते. धावांचा आकडा आणि तारीख तशीच राहते.

गिरगावकर_जुना

दादर पश्चिम यांच्याशी सहमत. एक छोटी भर घालतो. डॉ. रघुनाथ माशेलकर गिरगावच्या युनियन हायस्कूलचे विद्यार्थी. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालकपद त्यांनी भूषवले, २०१४ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले, आणि तरीही आपल्या भाषणांतून ते पुनःपुन्हा सांगतात ते भावे सरांबद्दल. सरांनी मुलांना उन्हात नेऊन भिंगाने कागद जाळून दाखवला आणि किरणे एकवटली की काय होते ते तिथेच समजावले. आपण ज्यांचा सत्कार करणार आहात त्या प्रत्येकाला पत्र पाठवताना एकच प्रश्न विचारावा, ‘शाळेतला कोणता शिक्षक आणि कोणता प्रसंग आठवतो?’ येणारी उत्तरे स्मरणिकेत छापावीत. आमच्या शाळेत सर्वांत जास्त उत्तरांत ज्यांचे नाव आले ते प्रयोगशाळेचे परिचर होते. समितीतल्या कोणालाच ते सुचले नव्हते.

कराड_स्टँड

वरील सर्वांचा आदर राखून थोडा विरोधी सूर लावतो. कराडच्या टिळक हायस्कूलचे विद्यार्थी खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळवले. वैयक्तिक क्रीडाप्रकारात स्वतंत्र भारताचे ते पहिले ऑलिंपिक पदक, आणि दुसऱ्यासाठी देशाला १९९६ पर्यंत थांबावे लागले. परतल्यावर त्यांच्या गोळेश्वर या गावाच्या परिसरात शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, हे आमच्याकडे अजून कौतुकाने सांगतात. त्यानंतर काय झाले? १९८४ साली अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, त्यानंतर दीड दशक उलटल्यावर. त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, आज राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो; तो निर्णय व्हायला आणखी दोन दशके गेली.

या सगळ्या सन्मानांपेक्षा मला मोठा वाटतो तो एक व्यवहार. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. पदक घेऊन आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांची मैदाने भरवून ती रक्कम फेडली. पदक मिळण्यापूर्वी विद्यार्थ्यावर इतका विश्वास टाकणारा शिक्षक आणि पदक मिळाल्यावर त्याच्या घरावरचे कर्ज उतरवणारा विद्यार्थी, हा सन्मान दोन्ही बाजूंनी झाला असे मी मानतो. तेव्हा ग्रॅनाइटला जेवढा खर्च येणार आहे तेवढ्यात आज नववीत असलेल्या किती मुलांना बूट, प्रवासखर्च किंवा स्पर्धेचे शुल्क देता येईल, याचा हिशेब समितीसमोर एकदा मांडावा. फलक नको असे मी म्हणत नाही. आधी तो हिशेब व्हावा.

सत्कार समारंभाबद्दलही एक विनंती. मी ज्या शाळेत शिकलो तिथल्या समारंभात सकाळी नऊ ते दुपारी दीडपर्यंत भाषणे चालली, तीस जणांना शाल, श्रीफळ आणि स्मृतिचिन्ह देण्यात आले आणि मुले पटांगणात उन्हात बसून होती. सत्कारमूर्तींपैकी एकालाही मुलांशी दोन शब्द बोलता आले नाहीत, कारण पाहुण्यांचे भाषण लांबले. त्याऐवजी प्रत्येक सत्कारमूर्तीला एकेका वर्गात एक तास द्यावा. ज्वारीचे वाण सांभाळणारे आपले मित्र आठवीच्या वर्गात कणसे घेऊन उभे राहिले, तर मुलांना त्यांची ओळख फलकावरून करून देण्याची गरजच पडणार नाही.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. कराड स्टँड यांचा हिशेब मी काल बैठकीत मांडला आणि अपेक्षेप्रमाणे चर्चा पैशाकडे वळली. दोन प्रश्न राहिले आहेत. ग्रॅनाइटचा खर्च देऊ करणाऱ्या सद्गृहस्थांचे काय करावे? आणि परदेशातल्या माजी विद्यार्थ्यांनी शिष्यवृत्तीसाठी पैसे पाठवायची तयारी दाखवली आहे. ते शाळेच्या खात्यात थेट घेता येतील का?

जमाखर्च

एका शिक्षणसंस्थेच्या विश्वस्त मंडळावर कोषाध्यक्ष म्हणून काही वर्षे काम केले आहे, त्या अनुभवावर लिहितो.

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण त्यात चूक झाली तर ती महागात पडते. पैसे कुठून आले यापेक्षा पाठवणाऱ्याचे नागरिकत्व कोणते, हे इथे महत्त्वाचे असते. जो माजी विद्यार्थी परदेशात राहतो परंतु अजून भारतीय पारपत्र बाळगतो, त्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी विदेशी योगदान ठरत नाही. ज्याने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले आहे त्याची देणगी मात्र, तो मूळचा आपल्याच गल्लीतला असला आणि त्याच्याकडे ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तीला मिळणारे) कार्ड असले तरी, विदेशी योगदान ठरते. ती स्वीकारण्यासाठी संस्थेकडे २०१० च्या विदेशी योगदान नियमन कायद्याखालची नोंदणी किंवा केंद्र सरकारची पूर्वपरवानगी असावी लागते, आणि ती रक्कम प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेत त्यासाठीच उघडलेल्या खात्यात यावी लागते. आपल्यासारख्या लहान संस्थेने एका समारंभासाठी हा खटाटोप करावा असे मला वाटत नाही. भारतीय नागरिक असलेल्यांकडून देणगी घ्यावी, पारपत्राची प्रत दप्तरी ठेवावी आणि इतरांना विनम्रपणे कारण कळवावे. ‘भावाच्या खात्यातून पाठवतो’ असे सुचवणारे हमखास भेटतात. त्या वाटेला जाऊ नये. रक्कम स्वीकारण्यापूर्वी आपल्या संस्थेच्या लेखापरीक्षकांना एकदा विचारावे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे, सांगणे अवघड आहे. देणगीदारांचा फलक वेगळा, गौरवफलक वेगळा, आणि दोन्ही एका भिंतीवर नकोत. त्या सद्गृहस्थांना देणगीदार म्हणून जरूर मान द्यावा, पावती द्यावी, समारंभात त्यांचे आभारही मानावेत. परंतु एकदा पैसे देणाऱ्याचे नाव गौरवफलकावर गेले, की त्यावरच्या उरलेल्या तेहतीस जणांकडेही लोक त्याच नजरेने पाहू लागतात आणि त्यांचा काहीही अपराध नसताना त्यांचा मान उतरतो. हे त्यांना समितीच्या बैठकीत सांगू नये. घरी जाऊन, चहा घेता घेता, शक्यतो त्यांच्या वयाच्या आणि त्यांना शिकवलेल्या एखाद्या गुरुजींच्या तोंडून सांगावे.

निवडीबद्दल एकच सूचना. निवड समितीत विद्यमान विश्वस्त एकाहून अधिक नसावेत, आणि जो समितीत आहे त्याचे व त्याच्या घरातल्या कोणाचेही नाव त्या वर्षी विचारात घेऊ नये. हा नियम नावे मागवण्यापूर्वी ठरावाच्या वहीत लिहून त्याखाली सर्वांच्या सह्या घ्याव्यात. नावे आल्यानंतर तो कोणीही मान्य करत नाही.

फळा_आणि_खडू

जमाखर्च यांनी सांगितलेला नियम आम्ही केला नव्हता आणि आमच्या पहिल्याच यादीत अध्यक्षांच्या सूनबाई आल्या. त्या खरोखरच योग्य होत्या, तरी आजही त्यांच्या नावापाशी बोट ठेवले जाते. कृष्णाकाठ, हा नियम अवश्य करा.

कृष्णाकाठ

काय ठरले ते कळवतो. ग्रॅनाइट रद्द झाला. सागवानी चौकट होईल, पहिल्या वर्षी बारा नावे लागतील, प्रत्येक नावापुढे शाळेत प्रवेश घेतल्याचे वर्ष आणि केलेल्या कामाची एक ओळ असेल. जमाखर्च यांचा नियम ठरावाच्या वहीत लिहिला गेला. सात सदस्यांपैकी सहा जणांनी सह्या केल्या आणि सातव्यांनी विचार करायला आठवडा मागितला आहे. त्या सद्गृहस्थांकडे आमचे गणिताचे गुरुजी गेले होते. दोघांत काय बोलणे झाले ते गुरुजी सांगत नाहीत, परंतु ग्रॅनाइटची रक्कम आता मुलांच्या क्रीडानिधीत जमा होणार आहे. माझ्या वर्गमित्राला आठवीच्या वर्गावर तास घेण्याचे विचारले, तेव्हा तो सुगी आटोपल्यावर येतो म्हणाला. कार्यक्रमाची तारीख त्याप्रमाणे पुढे ढकलावी लागेल असे दिसते.

रजिस्टर मात्र अजून वाचून व्हायचे आहे. पहिले दोन खंड एका पावसाळ्यात भिजले होते आणि त्यांची बरीच पाने एकमेकांना चिकटली आहेत. ती न फाडता सुटी कशी करावीत, याचा कोणास अनुभव असेल तर कृपया लिहावे.